कथा सांगणारे चित्रशिक्षक

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ति साच्यांतून निघते, तिला रंग चढतो. परंतु डोळ्यांची आखणी झाल्यावांचून तिला जिवंतपणा येत नाहीं. रेषेचें हें सामर्थ्य पेण-रोह्याच्या मंडळींस नव्यानें सांगावयास नको. तरीहि शाळेंतील चित्रकलेचा तास आपण गौण मानतों आणि गोष्टीच्या पुस्तकांतील चित्रास केवळ शोभा समजतों. या दोन्ही समजुती खोट्या ठरविणारें एक चरित्र आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ सालीं कोल्हापुरांत झाला. १८९० च्या जानेवारींत ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून आले. १८९५ सालीं त्यांस बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. पुढें त्याच शाळेंत ते शिक्षक झाले, हेडमास्तर झाले आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. १९४० सालीं निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचें नांवच ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ असें आहे.

शिकवितां शिकवितां त्यांनीं पुस्तकांसाठीं विपुल चित्रें काढिलीं. एडवर्ड्स यांचें मुंबईवरील पुस्तक १९१२ सालीं निघालें, तर १९१४ सालीं किंकेड यांनीं आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजींत आणिल्या. या दोहोंतील चित्रें धुरंधरांचीं. आदितवाराची कहाणी, नागोबाची कहाणी श्रावणांत आपल्या माजघरांत ऐकावयाची. ती आतां परक्या वाचकापुढें जात होती. अशा वेळीं पदर कसा घ्यावा, पूजेस कसें बसावें, हें चित्रकारास ठाऊक नसेल तर गोष्ट आपली राहत नाहीं.

त्या काळीं बंगालमध्यें अवनीन्द्रनाथ ठाकुरांच्या अनुयायांनीं पाश्चात्य पद्धतीविरुद्ध आवाज उठविला होता, आणि मुंबईच्या शाळेवर अनुकरणाचा आक्षेप येत असे. आक्षेप अगदींच निराधार नव्हता. छायाप्रकाशाची व शरीररचनेची ती शिस्त विलायतेहूनच आली होती. परंतु धुरंधरांनीं ती शिस्त आपल्या घरादाराच्या चित्रणास लाविली.

आजच्या चित्रकादंबरींत चौकटीमागून चौकट येऊन कथा पुढें सरकते. धुरंधरांस एका प्रसंगासाठीं बहुधा एकच चित्र मिळे. त्यामुळें कथेंतील नेमका क्षण निवडणें हेंच त्यांचें कथन होय. आणि अशी निवड करावयास प्रत्यक्ष पाहण्याची संवय लागते. ती संवय वर्गांत लागते. तेव्हां पेणच्या वा रोह्याच्या एखाद्या मुलाच्या वहीच्या समासांत चित्र दिसलें, तर वही हिसकावून घेण्यापूर्वी, त्यांत कोणती गोष्ट चालली आहे, एवढें त्यास अवश्य विचारावें.