आबांची गोळी आणि सर्पगंधेचं मूळ

गेल्या महिन्यात वरकुट्याला गेलो होतो. (इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव.) जुन्या घराचं माळवद उतरवायचं होतं, म्हणून कोनाडे, फडताळं रिकामी करत होतो. एका कोनाड्यात आबांचा चष्म्याचा डबा सापडला. आत चष्मा नव्हताच. तंबाखूची चुन्याची डबी, एसटीची दोन तिकिटं आणि अर्धी संपलेली गोळ्यांची एक पट्टी. अक्षरं पुसट झाली होती पण वाचता आली. एडेल्फेन-एसिड्रेक्स.

चुलते म्हणाले, "ही बीपीची गोळी त्यांची. वारीला जाताना घरीच ठिवून गेले हुते." आणि मग दोघंही गप्प बसलो. कारण त्या पट्टीत जेवढ्या गोळ्या शिल्लक होत्या ना, तीच खरं तर आमच्या घरातली एक मोठी गोष्ट आहे. पण ती सांगायची तर जरा लांबून यावं लागेल. धीर धरा.

त्या गोळीत तीन औषधं होती. त्यातलं एक म्हणजे रेसर्पिन, आणि रेसर्पिन म्हणजे आपली सर्पगंधा. सह्याद्रीच्या दमट जंगलात उगवणारं हे कमरेएवढं झुडूप. मुळी कडू जहर. सर्पदंशावर, झोप न येण्यावर, वेड लागलेल्या माणसावर वैद्य ती पिढ्यानपिढ्या देत आले. उत्तरेत तर तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सापाच्या विषावरच्या मुळ्यांबद्दल लिहिलंय. (या ओर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं! मुंबईचा हा एक भाडेकरू मला फार आवडतो.) झाडाचं शास्त्रीय नाव मात्र रावोल्फ या जर्मन वैद्याच्या नावावरून पडलं. हा गृहस्थ भारतात कधी आलाच नव्हता. असो.

१९३१ साली दोन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी या मुळीतून काही अल्कलॉइडं वेगळी काढली आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून एकाला अजमलिन असं नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडाचा झटका शांत करते, आणि रक्तदाबही उतरवते. आपल्याकडे डॉक्टर मंडळी ती वापरू लागली. बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता.

बाहेरच्या जगात तेव्हा काय चाललं होतं हे वाचून मी थक्क झालो. रक्तदाब मोजायचा पट्टा १८९६ मध्ये आला, स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा ऐकायची पद्धत १९०५ मध्ये. म्हणजे मोजता येत होतं. पण उपचार? नावापुरते. कित्येक मोठे डॉक्टर तर मानत की म्हाताऱ्या, कडक झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलायला तो दाब लागतोच, त्याला हात लावू नये. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांचंच बघा ना. १९४४ च्या मार्चमध्ये एका तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा हृदय थकलेलं होतं, दाब भयंकर वाढलेला. त्यांच्यासाठी होतं काय, तर डिजिटॅलिस, झोपेचं औषध आणि कमी मीठ. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा आकडा ३०० च्या वर होता. ज्या माणसाच्या हाताखाली अर्ध्या जगाचं सैन्य, त्याच्यासाठी जगात दाबाची एक धड गोळी नव्हती!

आणि त्याच काळात मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे पारशी डॉक्टर आपल्या रुग्णांना सर्पगंधा देऊन आकडे टिपून ठेवत होते. वर्षानुवर्षं. १९४९ मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरचा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. मला त्यातली मोठी गोष्ट ही वाटते की मुळी जुनीच होती, गुणही माहीत होता, पण वकिलांनी मोजलं, लिहिलं आणि जिथे जग वाचेल तिथे पाठवलं. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्सनी ते वाचलं आणि आपल्या रुग्णांवर सुरू केलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतला नेमका पदार्थ वेगळा काढला, तोच रेसर्पिन. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण. वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना गोलवाला-वकील या जोडनावाने, पुस्तकावरून ओळखतात. बाकी आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? मला चाळिशी उलटेपर्यंत नव्हतं.

आता आबांकडे येतो.

आबांना १९७९ च्या सुमारास दाब निघाला. बारामतीला एका डॉक्टरांकडे दाखवलं, त्यांनी ही गोळी लिहून दिली. आबा शिस्तीचे. सकाळी न्याहारीनंतर गोळी, वर तांब्याभर पाणी. आकडा उतरला. पण दोनेक वर्षांत माणूस बदलत गेला. आधी आबा म्हणजे पारावरचा दंगा. भजनात पुढे, पत्त्यात पुढे, भांडणातही पुढे. ते हळूहळू बसल्या जागी बसून राहू लागले. नाक कायम चोंदलेलं. आजी म्हणायची, "ऊस जळाल्यावानी झालंय ह्यांचं." आम्ही सगळ्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. आबा एकदाच आजीला म्हणाले होते म्हणे, "ही गोळी घिऊन मन मरतंय बग." आजीने ते डॉक्टरांना सांगितलं नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही. त्यांच्यापुढे रांग असायची, दाब बघायचा, चिठ्ठी लिहायची.

रेसर्पिनचं काम कसं चालतं हे मी नंतर वाचलं. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनॅलिनचे साठे असतात, ते हे औषध रिकामे करतं. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, नाक चोंदतं. मेंदूतलेही साठे रिते होतात. जास्त मात्रेत दिलं जायचं त्या १९५० च्या दशकातच डॉक्टरांना रुग्ण खिन्न झालेले दिसले होते. अलीकडच्या संशोधकांनी मात्र तो पुरावा पुन्हा चाळला आणि कमी मात्रेत हा संबंध तितका पक्का नाही असं म्हटलंय. त्यामुळे आबांचं मन त्या गोळीनेच मेलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण विचारायला तरी हवं होतं.

१९८५ च्या आषाढीला आबांनी वारी धरली. तुकोबांची पालखी बारामतीहून निमगाव केतकी, इंदापूर करत जाते, म्हणजे आमच्या तालुक्यातूनच. पट्टी मुद्दाम घरी ठेवली. पंढरपूरहून परत आले ते खुशीत. भजन म्हणत होते! नाक मोकळं, भूक लागलेली. आजीने पेढे वाटले. म्हणाले, "पांडुरंगानं गोळी सोडवली." आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

यातली मेख फार वाईट आहे. ते साठे पुन्हा भरायला दिवस, आठवडे लागतात. मन आधी उजळलं, दाब मात्र चोरपावलांनी वर चढत होता आणि त्याची काही खूण नव्हती. दाब दुखत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आबा गोठ्यात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर चार वर्षं जगले, ती खाटेवर.

खूप वर्षांनी मी अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा १९६७ सालचा अभ्यास वाचला तेव्हा हा डबा आठवला असता तर बरं झालं असतं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी फोल गोळी. फोल गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर काहीतरी झालं, औषधवाल्यांत फक्त दोघांना. दाब उतरवल्याने माणूस वाचतो याचा तो पहिला खणखणीत पुरावा. औषधं कोणती? रेसर्पिन, हायड्रॅलझिन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. आबांच्या पट्टीत जवळजवळ हेच त्रिकूट होतं. (फक्त हायड्रॅलझिनच्या जागी त्याचा भाऊ.) म्हणजे जी गोळी त्यांना नकोशी झाली होती, तीच त्यांना सहा वर्षं सांभाळत होती.

त्या अभ्यासातली आणखी एक गंमत. अभ्यासाला घेण्याआधी डॉक्टरांनी माणसं पारखून घेतली. गोळीत रायबोफ्लेविन मिसळलं आणि लघवी चमकते का ते पाहिलं, उरलेल्या गोळ्या मोजल्या. जे गोळी घेतच नव्हते त्यांना वगळलं, आणि ते थोडेथोडके नव्हते. म्हणजे गोळ्या कोनाड्यात ठेवणारे आबा तिकडेही होते तर!

रेसर्पिन पुढे मागे पडलं. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध जोडणारे तीन लेख आले. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही, पण बदनामी व्हायची ती झाली. डॉ. वकील त्याच वर्षी वारले. तोवर प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं आली होती, आणि आता तर अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन गावोगावी मिळतात. २०१७ पासूनच्या सरकारी रक्तदाब नियंत्रण मोहिमेत महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा सातारा होता.

मलाही सहा वर्षांपूर्वी दाब निघाला. अॅम्लोडिपिन सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात संध्याकाळी घोटे सुजायला लागले, मोज्याचा वळ उठायचा. गोळी बंद करायचा विचार आला होता, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, या औषधाने होतं असं काही जणांना, बंद करू नका, उद्या या. मात्रा निम्मी केली, जोडीला दुसरं दिलं. सूज गेली. गुडघ्यासाठी मी दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक घेत होतो तेही निघालं बोलताबोलता. त्याने दाब चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, हे मला ठाऊक नव्हतं. चुलत्यांना कुणीतरी 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणून सर्पगंधेचं चूर्ण दिलं होतं, तेही ते रोजच्या गोळीवर घेत होते. नाडी पन्नासच्या खाली. त्यांना मी वकिलांची सगळी गोष्ट सांगितली. म्हणाले, "म्हंजी आबांचीच गोळी की ही, पुडीत बांधलेली." चूर्ण घेऊन ते डॉक्टरांना दाखवायला गेले.

पट्टी मी पुण्याला आणली आहे. बायको म्हणते टाकून दे, मुदत संपून जमाना झाला. मोजल्या मी. सात गोळ्या आहेत.