एक पौंड धान्य आणि माणसाचा स्वभाव



१८७६-७८ चा दुष्काळ आपण शाळेत दोन ओळींत उरकला. त्यातला एक आकडा मात्र नीट बघण्यासारखा आहे.

जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामांवरच्या पुरुषाची रोजची मजुरी ठरवली : एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे. सरकारचा खर्च वाचवायचा होता. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम ज्वारी, ढोबळ हिशोबाने १६०० कॅलरी. त्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर कॉर्निश यांनीही विरोध केला आणि तिथे त्याच वर्षी मजुरी वाढवावी लागली.

वाद सगळा शरीराचा होता. मनाचं काय होतं हे मोजलं गेलं १९४४-४५ मध्ये. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी स्वखुशीने आलेल्या ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. आहार रोज साधारण १५७० कॅलरी, म्हणजे जवळपास टेंपलचंच माप! वजन चतुर्थांशाने घटलं. पण त्याआधीच स्वभाव बदलले. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा. हसणं-बोलणं, मैत्रिणी सगळं मागे पडलं. डोक्यात फक्त जेवण. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले. एकाने कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली. मुद्दाम की चुकून, हे त्यालाही सांगता येईना. पोटभर मिळू लागल्यावरही मन लगेच ताळ्यावर आलं नाही.

हे सगळे निवडून घेतलेले, समंजस तरुण. प्रयोग कधी संपणार तेही त्यांना ठाऊक होतं. खडी फोडणाऱ्याला तेवढाही दिलासा नव्हता. म्हणून दुष्काळातल्या माणसाला कोणी आळशी किंवा भांडखोर म्हटलेलं वाचलं, तर आधी त्याच्या वाट्याचं धान्य मोजावं.

आपल्याकडे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये दुष्काळ नाही, तुलनाही नाही. पण घरी पैसे पाठवायचे म्हणून किंवा वजन उतरवायचं म्हणून महिनोन्‌महिने अर्धपोटी राहणारे रूममेट आहेत. असा कोणी हल्ली तुसडा वागत असेल, तर "काय झालंय तुला?" च्या आधी "जेवलास का?" विचारा. आधी पोटोबा, हे आजीचं म्हणणं उगाच नव्हतं.


(डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई)