मत्स्यविनोद : गळ, सुटी आणि मिठी नदीची दोन टोके

(धागा)

१/ मागच्या आठवड्यात एका मित्राचा निरोप आला. स्कॉटलंडमधील सरोवरे, नद्या आणि समुद्रकिनारा असा आठवडाभराच्या निवांत मासेमारीचा बेत तो आखतो आहे. शेवटी त्याने लिहिले : "आपल्याकडे नुसता गळ टाकून बसण्याची परंपराच नाही. आपल्याकडे मासेमारी म्हणजे पोटाचा धंदा." या विधानाचे उत्तर एका ओळीत मावेना, म्हणून हा धागा.

२/ मी माहीमची. रविवारी सकाळी खाडीच्या मुखाशी गेले की दोन प्रकारची माणसे दिसतात. एकाच्या हाती नवी काठी आणि रीळ, शेजारी पाण्याची बाटली. दुसरा होडीच्या सावलीत बसून फाटलेले जाळे सांधत असतो. पाणी एकच; एकाची ती सुटी, दुसऱ्याचा कामाचा दिवस. या दोघांमधले अंतर दहा पावलांचे असले तरी त्याचा इतिहास निदान नऊशे वर्षांचा आहे.

३/ प्रारंभ कल्याणीपासून करू. हे आपल्या ठाण्याजवळचे कल्याण नव्हे, तर बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी होती. सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा, ज्याचे बिरुद 'भूलोकमल्ल', याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. 'अभिलषितार्थचिंतामणी' हे त्याचे दुसरे नाव.

४/ राज्य कसे मिळवावे येथपासून अन्न, वस्त्र, संगीत, हत्ती, खेळ येथपर्यंत राजाच्या आयुष्याचे शंभर विषय त्यात आहेत : पाच विभाग, प्रत्येकी वीस अध्याय. त्यांतील विनोदांच्या विभागात एक प्रकरण आहे, 'मत्स्यविनोद'. येथे विनोद म्हणजे हसवणूक नव्हे. विनोद म्हणजे मन रमवणे. अर्थात मासे पकडून मन रमवणे.

५/ हे प्रकरण वाचताना आजच्या सहलीची टिपणे वाचत असल्याचा भास होतो. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे. दोरी, काठी, गळ आणि आमिष कसे असावे. सुमारे ३५ प्रकारच्या माशांचा परामर्श त्यात घेतला आहे. राजाला मासा खायचा होता हे खरे, पण प्रकरणाचा भर पकडण्यातल्या रंजनावर आहे.

६/ तुलनेसाठी दोन वर्षे ध्यानात ठेवा. गळाच्या मासेमारीवरील इंग्रजीतला पहिला छापील प्रबंध १४९६ चा. आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध 'द कंप्लीट अँगलर' १६५३ चा. सोमेश्वर वॉल्टनच्या आधी पाचशेहून अधिक वर्षे होऊन गेला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने 'मानसोल्लास' छापायला घेतला तो १९२५ मध्ये, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून ते अभ्यासकांपुढे आणले.

७/ म्हणजे परंपरा नाही हे विधान टिकत नाही. परंतु येथे थांबून 'पाहा, आमच्याकडे आधीपासून होते' असे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. कारण याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे, जी मराठीच्या अभ्यासकांना पाठ असते : महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात.

८/ दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहा. राजा पाण्याकाठी मन रमवतो, त्याचा विनोद. बाई मुसळ चालवता चालवता गाते, तिला कामातून वेगळा काढलेला विनोद नाही. जो आहे तो कामातच मुरलेला. राजाचे मासे आधी कोणी तरी खाऊ घालून पोसत असणार, दोरी कोणी तरी वळत असणार. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. माहीमच्या किनाऱ्यावरची ती दहा पावले येथे प्रथम दिसतात.

९/ आता स्कॉटलंड. ट्वीड, टे, स्पे आणि डी या तेथील सामन माशाच्या विख्यात नद्या. १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने डी नदीकाठची बाल्मोरल इस्टेट विकत घेतली. रेल्वे उत्तरेकडे सरकत गेली तशी श्रीमंत इंग्रजांची सुटीही तिच्याबरोबर सरकली. मासेमारीचा हंगाम हा प्रतिष्ठेचा विषय झाला.

१०/ पण त्या रम्य चित्रामागे कायद्याची एक कडक चौकट आहे. स्कॉटलंडमध्ये सामन पकडण्याचा हक्क ही जमिनीहून वेगळी मालमत्ता आहे. काठावरची जमीन तुमची असली तरी पाण्यातल्या सामनवर हक्क दुसऱ्याचा असू शकतो, आणि तो विकता येतो, भाड्याने देता येतो. रविवारी सामन पकडण्यास कायद्याने मनाई आहे. समुद्रकिनाऱ्यावर मात्र काठीने समुद्री मासा पकडायला सामान्य माणूस मोकळा. मित्रा, बेत आखताना हा भेद आधी लक्षात घे.

११/ त्या नद्यांची सवय घेऊन इंग्रज आणि स्कॉटिश अधिकारी हिंदुस्थानात आले. येथे सामन नव्हता; महासीर होता. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. गळाला लागल्यावर झुंज देण्यात महासीर सामनहून सरस, हे त्यांचे मत पुढे शिकाऱ्यांच्या तोंडी रुळले. सुटी कोठे घालवावी याचे ते साहेबी मार्गदर्शक ठरले.

१२/ १८९७ मध्ये भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा झाला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा त्याने गुन्हा ठरवला. तरतूद योग्यच होती.

१३/ महाराष्ट्रातली राखण मात्र त्याहून वेगळ्या वाटेनेही चालत आली आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी मारत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात. लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्ले वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. एकीकडे श्रद्धा, दुसरीकडे उबवणी केंद्र. मासा दोन्हींमुळे टिकला.

१४/ आता मुंबईकराने सुटीत गळ टाकायचा तर कोठे? येथे भूगोल आडवा येतो. स्कॉटलंडची सरोवरे हिमनद्यांनी कोरली. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात हिमनद्या कधी वाहिल्याच नाहीत. लोणारसारखा अपवाद सोडला तर आपण ज्यांना तलाव म्हणून सहलीला जातो ती बहुतेक धरणे आहेत. त्यांच्या तळाशी निसर्गापेक्षा माणसांचा इतिहास अधिक आहे.

१५/ मुळशीचे उदाहरण घ्या. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी तेथे धरण ठरले. जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे अग्रणी. धरण झाले, शेते पाण्याखाली गेली, वीज मुंबईला आली. आज त्याच काठावर शनिवार-रविवारचे तंबू उभे राहतात.

१६/ आणि घराजवळचे पवई? १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले. तहान वाढत गेली तेव्हा १८९१ मध्ये पवईचा तलाव बांधला गेला. पण ते पाणी पिण्यालायक ठरले नाही. पिण्याच्या कामी न आलेला तलाव कालांतराने विरंगुळ्याच्या कामी आला. तेथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळकऱ्यांची संस्था आहे, कटला-रोहूसारखे मासे आहेत, आणि मगरीही आहेत.

१७/ आता या कथेचा धागा माहीमला येऊन मिळतो. विहार आणि पवई यांचे ओसंडलेले पाणी घेऊन मिठी नदी निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत उतरते. वरच्या टोकाला गळ टाकून बसण्याची निवांत जागा, खालच्या टोकाला कोळीवाडा. मधल्या वाटेवर कारखाने, वस्त्या, नाले, विमानतळ. शहर जे जे टाकते ते खाली येते.

१८/ २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बहुतेक मुंबईकरांना प्रथमच कळले की मिठी ही नदी आहे. माहीमच्या कोळ्यांना ते कधीच नव्याने कळले नाही. बोय, कोळंबी, चिंबोरी, निवटी ही सारी खाडीच्या तोंडची दौलत. गोडे आणि खारे पाणी जेथे मिसळते तेथे माशांची पिल्ले वाढतात. ते पाणी काळे पडले की कोळ्याचे ताट रिकामे होते.

१९/ याच खाडीवर १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. लेडी अवाबाई जमशेटजी यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले, आणि ये-जा करणाऱ्यांकडून टोल घेऊ नये अशी त्यांची अट असल्याचे सांगतात. वरून जाणाऱ्यांचा हक्क असा जपला गेला. खालच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांच्या हक्काची तशी चिंता वाहणारा दाता या खाडीला लाभला नाही.

२०/ मग कोळ्यांना सुटी नव्हतीच का? होती, आणि आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासे अंडी घालतात, होड्या किनाऱ्याला लागतात. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच दर्यात उतरण्याचा रिवाज होता. राजाची सुटी पाण्याकाठी बसण्याची. कोळ्याची सुटी पाण्याला विसावा देण्याची.

२१/ कोकणात गळाला 'गरी' म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला 'गरवणे'. संध्याकाळी खडकावर बसून गरवणारा माणूस कामावर असतो की सुटीवर, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. मासा लागला तर कालवण, नाही लागला तर वारा खाऊन घरी. राजा आणि कोळी यांच्यामध्ये हा तिसरा माणूस बसलेला आहे. त्याच्यावर ग्रंथ झाला नाही, तरी भाषेने त्याच्यासाठी क्रियापद राखून ठेवले.

२२/ तेव्हा मित्रा, स्कॉटलंडला अवश्य जा. नदीवरचा हक्क कोणाचा ते विचार, परवाना घे, रविवार सामनला मोकळा सोड. परत आलास की पवईला जाऊ. तेथेही संस्थेची परवानगी लागते. पावसाच्या तोंडी ओढ्यांतून चढणीचे मासे वर येतात तेव्हा मात्र गळ नको. त्यांच्या पोटात पुढच्या वर्षीचे मासे असतात.

२३/ आणि एक रविवार माहीमसाठी ठेव. कोणाच्या जाळ्याच्या वाटेत काठी रोवायची नाही, दोरीचा तुकडा वाळूत टाकायचा नाही. बसण्यापूर्वी जाळे सांधणाऱ्या काकांना विचारू, "आज पाणी कसं आहे?" मी विचारले होते. ते म्हणाले, "पाणी बरं आहे गं, पन मासा लांब गेला." वर पवईला बसशील तेव्हा हे उत्तर आठवावे, एवढ्यासाठी हा धागा लिहिला.

(धागा समाप्त. आपल्या गावी गळाने मासे धरण्याला कोणता शब्द आहे, तो खाली अवश्य कळवा.)