‘जागा आम्हालाच लागते’: मालकाची गरज आणि भाडेकरूचा हक्क

जुन्या मोहल्ल्यांत मालक आणि भाडेकरू तीस-चाळीस वर्षं एकाच जिन्यावर राहिलेले असतात. मग मालकाच्या मुलाचा निकाह ठरतो आणि निरोप येतो, ‘आता जागा खाली करा.’ भाडेकरू म्हणतो, ‘पागडी दिलीय, कोण काढतो बघू!’ दोघांचंही अर्धंच खरं आहे.

महाराष्ट्रात हा विषय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 खाली येतो. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. कलम 16(1)(जी) प्रमाणे मालकाला स्वतः राहण्यासाठी किंवा वापरण्यासाठी जागा खरोखर आणि वाजवीपणे हवी असेल, तर कोर्ट ताबा देऊ शकतं. मुलगा, सून, नातवंडं यांची गरज हीसुद्धा मालकाचीच गरज, असं कोर्टांनी धरलंय. पागडीने हे कारण अडत नाही. पागडी दिली म्हणजे भाडेकरू मालक होत नाही. वक्फच्या मिळकतीतल्या भाडेकरूंची प्रकरणं मात्र 2013 च्या दुरुस्तीने वक्फ न्यायाधिकरणाकडे गेली आहेत.

नुसती इच्छा म्हणजे गरज नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने शिवस्वरूप गुप्ता खटल्यात (1999) सांगितलं. पण गरज खरी ठरली, की ‘तुम्ही दोन खोल्यांत भागवा’ असा सल्ला भाडेकरूने देऊन चालत नाही.

गरज सिद्ध झाली म्हणजे मालक जिंकला, असं बहुतेक लोक धरून चालतात. तसं नाही. कलम 16(2) प्रमाणे कोर्टाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: जागा गेली तर भाडेकरूला जास्त त्रास, की न मिळाली तर मालकाला? दोघांकडे दुसरी सोय आहे का, हे इथे बघितलं जातं. अर्धी जागा देऊन कोणालाही त्रास होणार नसेल, तर तेवढ्याच भागाचा हुकूम होऊ शकतो. भाडेकरू हरतात ते बऱ्याचदा इथेच. म्हातारी आई, मुलांची शाळा, सगळं सांगतात. पण दुसरी जागा शोधली का, याचं उत्तर नसतं. कुठे विचारलं, भाडं किती सांगितलं, याची नोंद ठेवा. मालकानेही आपली दुसरी जागा लपवू नये. उलटतपासणीत ती निघतेच आणि मग खऱ्या गरजेवरही विश्वास बसत नाही.

कलम 17 फार कमी भाडेकरूंना माहीत असतं. ताबा मिळाल्यावर मालक एक महिन्यात राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. म्हणून घर सोडल्यावरही तिकडे लक्ष असू द्या.

अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला यातलं काही लागू नाही. मुदत संपली की मालकाला गरज सिद्ध करावी लागत नाही. कलम 24 खाली तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

आणि दावा चालू असताना भाडं थांबवू नका. मालक हातात घेत नसेल तर बँकेतून पाठवा, नाहीतर थकबाकीचं नवं कारण त्याला आपणच पुरवतो. मालकानेही पाणी किंवा लाईट तोडून दबाव आणू नये. कलम 29 मध्ये त्याला मनाई आहे. दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला 30 दिवस मिळतात.