सांगाडा नाहीसा झाला तेव्हा : प्रतीकवादी मुद्राचित्रांतील मृत्यू

१/९
युरोपच्या चित्रकलेत मृत्यूला शतकानुशतके एक ठरलेले रूप होते : चालता-बोलता सांगाडा. १९व्या शतकाच्या अखेरीस काही कलावंतांच्या मुद्राचित्रांतून हा सांगाडा दिसेनासा झाला, आणि मृत्यू अधिकच जवळ आला. हा बदल कसा घडला, त्याचा हा धागा.

२/९
आधी जुनी परंपरा पाहू. हान्स होल्बाइनची ‘मृत्यूचे नृत्य’ ही लाकडी ठशांची मालिका १५३८ मध्ये लियों येथे प्रसिद्ध झाली. तीत सांगाडा सम्राटाच्या मुकुटाला हात घालतो, शेतकऱ्याच्या नांगराचे घोडे हाकतो आणि झोपडीतून मूल घेऊन जातो. येथे मृत्यू बाहेरून येतो. त्याच्यापुढे राजा आणि रंक समान.

३/९
१८८६ मध्ये कवी ज्यां मोरेआस यांचा प्रतीकवादाचा जाहीरनामा पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकात छापून आला. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाची नक्कल करण्यापेक्षा अंतर्मनातील भय, स्वप्ने आणि वासना सूचित कराव्यात, ही या पिढीची ओढ होती. साहजिकच मृत्यू हा तिचा आवडता विषय ठरला.

४/९
पण त्यासाठी मुद्राचित्रच का? जर्मन कलावंत माक्स क्लिंगर याने १८९१ च्या आपल्या पुस्तिकेत याचे उत्तर दिले. त्याच्या मते रंगचित्र जगाच्या सौंदर्याचा गौरव करते. जीवनाची काळी बाजू मात्र काळ्या-पांढऱ्या रेषेलाच पेलते.

५/९
क्लिंगरच्या ‘मृत्यूविषयी’ या मालिकेतील ‘मृत माता’ (१८८९) पाहावे. निश्चल आईच्या छातीवर तान्हे मूल बसले आहे आणि थेट प्रेक्षकाकडे पाहत आहे. मागे झाडे आहेत, समुद्र आहे. विळा नाही, सांगाडा नाही. मृत्यू येऊन गेलेला आहे. उरले आहे ते मूल.

६/९
बेल्जियमच्या जेम्स एन्सॉरने सांगाडा टाकला नाही. त्याने स्वतःलाच सांगाडा केले. १८८८ मधील त्याच्या एका छोट्या एचिंगचे नाव आहे ‘१९६० मधील माझे चित्र’. एन्सॉरचा जन्म १८६० चा. म्हणजे हे त्याच्या शंभराव्या वर्षाचे आत्मचित्र. त्यात फक्त आडवी पडलेली हाडे आहेत. प्रत्यक्षात तो १९४९ मध्ये वारला.

७/९
थट्टेमागे खरी भीती होती. रंगचित्रे नाजूक असतात, नष्ट होतात, ही चिंता एन्सॉरने पुढे एका पत्रात बोलून दाखवली. तांब्याचा भक्कम पत्रा, न विटणारी शाई आणि सहज निघणाऱ्या अनेक प्रती यांच्या आधारे आपण मागे उरू, या आशेने तो एचिंगकडे वळला होता. त्याच्यासाठी मुद्राचित्र हा मृत्यूचा विषय होता, तसा मृत्यूवरचा उपायही.

८/९
नॉर्वेच्या एडवर्ड मुंकची आई १८६८ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. १८७७ मध्ये थोरली बहीण सोफी त्याच रोगाने गेली. ‘आजारी मूल’ हे चित्र त्याने आधी रंगवले, १८९४ मध्ये ते पत्र्यावर सुईने कोरले आणि १८९६ मध्ये पॅरिसमध्ये शिळेवरून छापले. शिळेवरच्या चित्रात पलंगाशेजारची शोकमग्न स्त्री नाही. उशीवर टेकलेले मुलीचे मस्तक तेवढे आहे. तेच मस्तक त्याने वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा छापले.

९/९
त्याच वर्षीच्या ‘आजाऱ्याच्या खोलीतील मृत्यू’ या शिलामुद्रणात सोफी जवळजवळ दिसतच नाही. तिची खुर्ची पाठमोरी आहे. दिसतात ते घरातले लोक, एकाच खोलीत पण एकमेकांपासून तुटलेले. त्यातही भावंडांची वये १८७७ ची नाहीत. चित्र घडले त्या काळातली, मोठेपणीची आहेत. वर्षे लोटली, माणसे वाढली, तरी ती त्या खोलीतून बाहेर पडलेली नाहीत. होल्बाइनचा सांगाडा मरणाऱ्याला घेऊन निघून जात असे. मुंकने दाखवला तो मागे राहिलेल्यांबरोबर राहणारा मृत्यू.