भावाची तारीख

सोनपेठच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, माझे वडील मापाडी होते. काट्यावर माल चढला की वजन पुकारायचं आणि चिठ्ठीवर मांडायचं, हे त्यांचं काम. मी त्याच मोंढ्यात एका अडतीवर हिशेब लिहितो आणि सौदे उरकले की दिवसाचे भाव आमच्या छोट्या संकेतस्थळावर चढवतो. शोधयंत्रं अशा पानाकडे कधी फिरकतात आणि त्याला वर का आणतात, हे समजून घेता घेता मला भाव लिहिण्याचा सगळा इतिहासच उलगडत गेला.

एके काळी भाव लिहिलाच जात नसे. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा असायचा, पण त्याला आकडा कळायचा नाही. सोनपेठ ज्यात येतं तो परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, कृषी बाजाराचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा पणन कायदा आला आणि उघड लिलावाची पद्धत रुजली. भाव मोठ्याने बोलला जाऊ लागला, म्हणून तो फळ्यावर लिहिता आला: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर आणि सगळ्यांच्या वर तारीख. दुसऱ्या दिवशी फळा पुसला जाई. नोंदवही मात्र कपाटात राही.

फळा रोज पुसायची गरज सगळ्याच मालाला नव्हती. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. दर सरकारने ठरवलेला. तो रोज पाहायला मोंढ्यात यायचं कारण नव्हतं. नंतर आमच्या भागात सोयाबीन पसरलं आणि चित्र बदललं. लातूरच्या सोयाबीन तेलाच्या प्लांटांनी सकाळी दर उतरवला की दुपारी सोनपेठची बोली खाली येते. असा भाव एक दिवस शिळा झाला तरी शेतकऱ्याचं नुकसान होतं.

भाव इंटरनेटवर गेला तो २००० पासून. केंद्र सरकारचं बाजारभावाचं संकेतस्थळ अ‍ॅगमार्कनेट त्याच साली सुरू झालं. राज्याचं पणन मंडळही बाजार समित्यांचे रोजचे दर देऊ लागलं. पण त्या काळातली बरीचशी मराठी पानं ज्याच्या त्याच्या खास फाँटमध्ये होती. माणसाला पडद्यावर ‘सोयाबीन’ दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता. असं पान रोज बदलूनही मराठीत शोधणाऱ्याला ते सापडत नसे. युनिकोडचा वापर वाढला तेव्हा कुठे मराठी शब्द यंत्राला शब्द म्हणून कळू लागले.

पण पान वाचता येणं वेगळं आणि वेळेवर वाचलं जाणं वेगळं. शोधयंत्राचा बॉट पानापानावर फेरी मारतो आणि जे दिसलं त्याची नोंद करतो. जगातल्या सगळ्या पानांवर रोज जाणं त्याला परवडत नाही. स्टॅनफर्डच्या जुंगहू चो आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९९९ मध्ये २७० संकेतस्थळांवरची ७ लाख २० हजार पानं चार महिने रोज तपासली. व्यापारी पानांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रोज बदलत होती. शैक्षणिक आणि सरकारी पानांपैकी निम्म्याहून जास्त चार महिन्यांत एकदाही बदलली नाहीत. म्हणजे सगळीकडे सारख्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. पान किती वेळा बदलतं हे यंत्र अनुभवाने शिकतं आणि त्या अंदाजाने परत येतं. आमच्या सर्व्हरच्या नोंदीतही हेच दिसतं. हंगामात भावाच्या पानावर बॉट सारखा येतो, आमची ओळख देणाऱ्या पानावर क्वचित. दिवाळीत मोंढा बंद राहिला की भावाच्या पानावरच्या फेऱ्याही विरळ होतात.

२००५ मध्ये गूगलने साइटमॅप आणला. कोणतं पान शेवटचं कधी बदललं, हे आपणच यंत्राला कळवायची ती सोय. २००७ मध्ये गूगलचे अमित सिंघल यांनी पुढची गोष्ट मांडली: काही प्रश्नांनाच ताजं उत्तर लागतं. नोव्हेंबर २०११ मध्ये क्रमवारीत केलेल्या ताजेपणाच्या बदलाचा परिणाम सुमारे ३५ टक्के शोधांवर होईल, असं गूगलने सांगितलं. ‘सोयाबीन भाव’ शोधणाऱ्याला आजचं पान हवं असतं. संत जनाबाईंचं गंगाखेड शोधणाऱ्याला नीट लिहिलेलं पान हवं असतं, मग ते दहा वर्षांपूर्वीचं का असेना. तिथे चार शब्द इकडचे तिकडे केल्याने क्रमांक वर जात नाही.

तरी ताजेपणाला मान आहे हे कळताच खोटी तारीख आली. ‘आजचे भाव’ असा मथळा आणि खाली मागच्या आठवड्याचे आकडे, अशी पानं मी रोज पाहतो. असं पान पाहून कुणी टेम्पोचं भाडं भरून माल मानवतला किंवा परळीला नेला, तर भाव न पटताही तो तिथेच विकावा लागतो, कारण परतीचं भाडं परवडत नाही. म्हणून ही फसवणूक मला लहान वाटत नाही. मजकूर फारसा न बदलता नुसती तारीख बदलता का, असा सवाल गूगलच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. साइटमॅपमधली बदलाची तारीख सातत्याने खरी निघाली तरच ती धरतो, हेही गूगलने सांगितलं आहे. मोंढ्याची रीतही हीच होती: लिलाव झाला तर भाव, नाहीतर फळ्यावर ‘आज लिलाव नाही’. आम्ही संकेतस्थळावरही तेच लिहितो.

अद्ययावत करण्याच्या घाईत आणखी एक नुकसान होतं, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. एकाच पानावर रोज नवा भाव चढवला की कालचा पुसला जातो. फळ्याच्या मागे नोंदवही होती. अशा पानांच्या मागे काहीच नसतं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. हे आकडे कुठेही मिळतील. पण हमीभाव वाढत असताना सोनपेठच्या मोंढ्यात प्रत्यक्ष काय मिळालं, हे रोजच्या नोंदी जपल्या तरच उद्या सिद्ध करता येईल. म्हणून प्रत्येक बाजार समितीने रोज बदलणारं एक पान ठेवावं, आणि शिवाय प्रत्येक दिवसाचं वेगळं, कायमच्या पत्त्याचं, पुन्हा हात न लावायचं पान. शोधयंत्राला दोन्ही सापडली पाहिजेत. आजच्या भावावरून शेतकरी माल काढायचा की थांबायचं हे ठरवतो; मागच्या दहा वर्षांच्या भावावरून यंदा काय पेरायचं ते.