तळटीप : गोकाकचे दात

लेखक दख्खनचा काळा पाषाण जीवाश्मांच्या बाबतीत वांझ मानतात. ते खरे नाही. लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळी साचत आणि त्यांच्या गाळात अवशेष टिकत. सांगलीच्या दक्षिणेला, बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला, अशाच गाळात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका सस्तन प्राण्याचे सुटे दात मिळाले. कवटी नाही, जबडा नाही. वर्गीकरणाची सगळी भिस्त दातांवर. दाढ उंच, बाकदार. कडेने उभी खाच, चावण्याच्या पृष्ठभागावर खळगा. उंच दाढ म्हणजे दात झिजवणारे खाणे. तशीच खाच मादागास्करच्या ‘लावानिफी’ या लुप्त सस्तन प्राण्याच्या दातावर आहे, म्हणून दोघांना जवळचे नातलग मानतात. २००७ साली दोन गटांनी या प्राण्याला स्वतंत्रपणे नावे दिली : ‘भारतथेरियम’ आणि ‘दक्षिणा’. आधी छापले गेले म्हणून पहिले ग्राह्य धरतात. हे दोघे ज्या प्राणिगटातले, त्याला एके काळी स्लॉथ-आर्माडिलोंचे सोयरे समजत, तेही उंच दाढांवरूनच. तो तर्क पुढे मागे पडला. २०१४ साली याच गटातल्या, मादागास्करच्या ‘विंताना’ची जवळजवळ अखंड कवटी प्रसिद्ध झाली, तेव्हा दातांपलीकडचा भक्कम पुरावा प्रथमच अभ्यासकांच्या हाती आला.